टोपीचं माप

मुलगा बोटीवर. बाशिंगाला माप आणणार कुठून?
म्हणून पार्सेकरांच्या शशिकलाबाई
त्याची टोपीच घेऊन आल्या डिचोलीच्या दुकानात.
पिशवीत नारळ, नारळावर टोपी.
आतल्या पट्टीवर घामाचं पांढरं वर्तुळ,
तिथूनच दोरा फिरवला मी: साडेबावीस इंच.
"जरा सैल ठेव हां, केस दाट आहेत त्याचे."

भेंड सोलताना सुरी कुरकुरता कामा नये,
कुरकुरली की पाकळी गेली.
चाळीस पाकळ्या, बेगडाचे दोन मोर,
आणि बाईंच्या हट्टापायी कडेला
हिरव्या कागदाची एवढीशी होडी.
बाशिंगात होडी!
बापाने मला दुकानातून हाकललं असतं.

लग्नाच्या सकाळी नार्व्याच्या फेरीने दिवाडीला गेलो.
बांधलं,
तर थेट भुवयांवर उतरलं.
केस फारसे उरलेच नव्हते,
आणि गाल. टोपीवरून गाल कुठे कळतात?
भटजी घड्याळ बघत होते,
अंतरपाट धरायला दोघे उभे.
मी खिशातला भेंडाचा तुकडा चेपला,
मागे, कानाच्या वर सारला.
बाईंनी पाहिलं. आधी माझ्या हाताकडे, मग त्याच्याकडे.
"खातोस तरी काय रे तिथे,"
एवढंच,
आणि अक्षता वाटायला वळल्या.

टोपी न्यायला अजून कोणी आलेलं नाही.
खुंटीवर आहे, बेगडाच्या गुंडाळ्यांशेजारी.
परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं,
सहज पुन्हा दोरा फिरवला.

साडेबावीसच.