नमुन्यात नसलेलं घर

माहुलच्या त्या इमारतीत
दर पाचवं घर आमचं.
यादी संगणकाने काढली, मर्जीने नव्हे,
हे प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं.
लिफ्ट बंद. जिन्यात रिफायनरीचा वास
आणि कुणाचं तरी दूध उतू गेलेलं.

सातशे तीन. शेवंता खरटमोल. वय?
"कागदावरचं की खरं?"
मी कागदावरचं भरलं.
यापूर्वीचं वास्तव्य?
"पाइपाच्या कडेला. मुंबईचं पाणी
आमच्या उशाखालून जायचं.
रात्री ऐकू यायचं, सगळं गाव तहानलेलं असल्यासारखं."
याला रकाना नव्हता.
'इतर'वर टिचकी मारली.

गेल्या वर्षभरात एखाद्या सार्वजनिक सभेत बोललात?
नाही.
'नाही' असल्यास प्रश्न तेविसावर जा.
मी गेले. ती मागेच राहिली.
"अगं थांब की. सभेत नाही, जिन्यात बोलले.
पाण्याचा साहेब तिसऱ्या मजल्यावर दम लागून बसला,
त्याला आधी तांब्या दिला,
मग म्हटलं, हे पाणी मी खालून आणलंय, साहेब.
तो उठेचना."
मी मागे जायचा प्रयत्न केला.
टॅबलेट जाऊ देईना.

लोकशाहीवर विश्वास किती? एक ते पाच.
"वाण्याचा माझ्यावर आहे तेवढा.
दोनशे रुपयांपर्यंत."
दोन भरले.
(नंतर वाटलं, तीन भरायला हवे होते.
वाणी अजून देतोय म्हणाली होती.)

मग शिडीचा प्रश्न.
डोळ्यांपुढे दहा पायऱ्यांची शिडी आणा.
सगळ्यात वर सुखातली माणसं,
सगळ्यात खाली हालातली.
तुम्ही कितव्या पायरीवर?
ती हसली, पदराने मान पुसली.
"सातव्या मजल्यावर राहते, पोरी,
एकशे सव्वीस पायऱ्या, रोज दोन खेपा.
पण तुझी ती शिडी
खालून धरलीय कुणी?"

अठ्ठ्याऐंशी म्हणजे माहीत नाही.
नव्याण्णव म्हणजे उत्तर दिलं नाही.
उलट प्रश्न विचारला, याला आकडा नाही.
माझं बोट काचेवर तसंच राहिलं,
मग काच आपोआप काळी झाली.

निघताना तिला सांगितलं, मावशी,
आमच्या हिशेबात तुमचं वजन
चारशे बारा माणसांइतकं.
"मग शाईच्या दिवशी एकटीचंच कसं?" म्हणाली,
आणि दार लावून घेतलं, ओट्यावर भात होता.

सातशे चारच्या दारात लतीफ दळवी उभे.
छापखान्यात खिळे जुळवण्यात हयात गेलेली,
अजून अक्षरं उजवीकडून ओळखतात.
सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून.
"आमच्याकडे कधी?"
चाचा, तुमचं घर नमुन्यात नाही.
"नमुना म्हणजे?"
म्हणजे काही घरं सगळ्यांच्या वतीने बोलतात.
त्यांनी चष्मा काढला.
"हे तर आम्ही दर पाच वर्षांनी करतो, बेटा."
मी पायऱ्या उतरू लागले.
वरून हाक आली, मागोमाग एक घडी केलेला कागद.

जूनमध्ये सभागृहात निष्कर्ष मांडले.
एसी इतका, की बाया शाली घेऊन आलेल्या.
निळे खांब, करडे खांब.
विश्वास, सरासरी दोन पूर्णांक चार.
शिडी, तीन पूर्णांक एक.
फरक लक्षणीय आहे का, कुणीतरी विचारलं.
आहे, सर म्हणाले.
टाळ्या झाल्या, मग चहा.
मी निळ्या खांबात सातवा मजला शोधत होते.
प्रश्न एकोणतीस, उत्तर दिलं नाही: शून्य पूर्णांक दोन टक्के.
त्यात एक मी भरलेलं,
आणि ते खोटं आहे.

कागद अजून पिशवीत आहे,
ओळखपत्राच्या आणि टिकल्यांच्या पाकिटाच्या मध्ये.
अक्षर छापल्यासारखं, समास सोडलेला.
वर तारीख, इमारत, खोली क्रमांक.
खाली एवढंच:
प्रश्न काय होता ते कळवावे.
उत्तर तयार आहे.