वाजवून घ्या

मार्चच्या एकोणतीस तारखेला, दुपारी पावणेचारला,
पुण्याची गाडी गेटात, इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्न देतोय,
आणि माझ्या पडद्यावर निळ्या रंगात एक विनंती :
कृपया बंद करू नका, काम चालू आहे, चौदा टक्के.

कुणाचं काम? विचारणार कुणाला.
चौदाचे सोळा होईपर्यंत
भट्टीवर एक लॅडल ओतून झाला.
बापू चौगले केबिनच्या दारात उभे राहिले,
काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ड्रॉवरच्या तळातून कार्बन काढला.
चलन हाताने लिहिलं : पंप बॉडी, नग एकशेचाळीस.
एकशेचाळीसमधला ळी मला आठवून काढावा लागला.

पुढच्या आठवड्यात टेबलावर तीन यंत्रं.
एक जुनंच. त्याला आता कंपनीकडून औषधपाणी बंद,
पण पुराच्या वर्षी हायवे पाण्याखाली होता
तेव्हा आठ दिवस ह्यानंच हिशेब धरून ठेवलेला.
दुसरं राजारामपुरीतून आलं,
सोबत टाय लावलेला पोरगा आणि वर्षाला भरायचा आकडा.
तिसरं बापूंच्या भाच्यानं आणलं, ऋतुराजनं.
फुकट.
फुकट म्हटलं की उद्यमनगरात माणूस आधी खिसा चाचपतो.

"मामा, ह्याच्या आतलं सगळं उघडं आहे, कुणीही बघावं."
"उघड्या दाराला राखण कोण?"
"बघणारेच की."
उत्तर मला आवडलं. प्रिंटरला आवडलं नाही.
दोन दिवस तो तीनपदरी कागद नुसता चावत बसला,
ऋतुराज रात्री दहापर्यंत त्याच्याशी बोलत बसला,
तिसऱ्या दिवशी कर्रकन पहिली ओळ उमटली
आणि पोरानं डबा उघडून गार भाकरी खाल्ली.

मग फेटलिंगमधून दस्तगीर मुल्ला चहाला आले.
चाळीस वर्षं कास्टिंग वाजवणारा माणूस.
हातोडी मारायची, कान द्यायचा.
ठण्ण म्हणजे पास.
बद्द म्हणजे आत कुठंतरी हवा अडकलीय,
वरून कितीही गुळगुळीत असूदे.
तिन्ही पडदे बघितले, बिडी कानामागं सरकवली :
"रंग चांगलाय सगळ्यांचा. वाजवलं का?"

आता हे वाजवायचं कसं?
"बिल लिवा की मॅडम. मोठं."
मी लिहू लागले. सतराव्या ओळीवर
त्यांनी वाकून पिनच उपटली.
टायवाला ओरडला. त्याचं यंत्र नव्हतं, तरी ओरडला.

तीनदा लिहिलं, तीनदा पिन.

जुनं उठलंच नाही.
मला ठाऊक होतं, तरी घशात काहीतरी आलं.
दुसरं उठलं, माफी मागितली, स्वतःला तपासलं,
पुन्हा कृपया, पुन्हा टक्के. नऊ मिनिटं.
तिसरं गपचूप उठलं.
सोळा ओळी शाबूत, सतरावी अर्धी.
"अर्धी चालंल," दस्तगीर म्हणाले,
"ती माझ्याच हातानं गेली."

तरी निकाल सरळ लागला नाही.
टॅक्सचं सॉफ्टवेअर फुकटवाल्यात चालेना,
म्हणून टायवाल्याचंही एक घ्यावं लागलं,
बापूंनी घासाघीस करून माऊस वरून मागितला.
ते कोपऱ्यात बसतं, महिन्यातून एकदा तोंड उघडतं.
गेटावर आणि माझ्यापुढं मात्र ऋतुराजचं.
त्याला जे काही नवं घालायचं ते सोमवारी,
कारखाना बंद, गल्ली शांत,
मी हो म्हटल्यावर.

कार्बन अजून ड्रॉवरमध्येच आहे.
रोज एक चलन हाताने लिहिते, ळी साठी.

सकाळी बटण दाबण्याआधी
डब्यावर बोटाचं पेर आपटते.
पत्राच तो, पत्र्यासारखाच वाजतो.
तरी दस्तगीर तिकडून, कान न वळवता, विचारतात,
काय म्हणतंय?