सातवं फूल

त्या रात्री अंधार पडलाच नाही,
मग लेन्स काढायच्या कधी?
असं मारिका नंतर म्हणाली, दवाखान्यात,
रुमाल डोळ्यावर दाबून,
जणू चूक सूर्याची होती.

मुहू बेटावरची जूनची तेविसावी.
किनाऱ्यावर शेकोटी, ओल्या जुनिपरचा धूर,
साउनातून धावत सुटून समुद्रात बुडी,
लेन्ससकट.
मग पहाटे (पहाट कसली, मघाचाच उजेड)
सात जातींची फुलं खुडली तिनं, न बोलता,
रीत आहे तशी.
उशाखाली सरकवली आणि तशीच आडवी झाली.
अडतीस वर्षांची बाई, घटस्फोट होऊन दुसरं वर्ष.
हसण्यावारीच केलं सगळं.
म्हणतात, स्वप्नात दिसतो
तो येणारा.

आले मी.
चौथ्या दिवशी, शेजारच्या आल्माबाईंचा फोन आला म्हणून.

बाबांची नाव विकल्यापासून आमचा अबोला होता.
चार वर्षं मी तिच्या डोळ्यात खुपत होते
आणि ती माझ्या.

खिडक्यांना तिनं घोंगड्या ठोकलेल्या.
अर्धं वर्ष आम्ही इथे उजेडाची वाट बघतो,
आणि ती त्याच्याकडे पाठ करून
भिंतीशी तोंड लावून बसलेली.
"दार लाव," एवढंच म्हणाली.
टॉर्च लावू देईना. लावला.
डोळा सोललेल्या माशासारखा लाल,
आणि बुबुळावर, मधोमध,
दुधाचा थेंब सांडावा तसा डाग.

फेरीबोटीवर ती गाडीतच राहिली, माझा कोट डोक्यावर घेऊन.
वर डेकवर कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं.

टालिनची डॉक्टर ओयासू तरुण होती, रागावली नाही.
म्हणाली, बुबुळावरच्या काचेत रक्त नसतं,
ती हवेवर जगते.
पापणी मिटली की अर्धपोटी राहते.
त्यात लेन्स तशीच ठेवली, तर कडकडीत उपास,
आणि उपाशी घरात जंतू शिरायला वेळ लागत नाही.
किती रात्री झोपलात अशा?

एकच, मारिका म्हणाली.
डॉक्टर पेन घेऊन थांबली.
कधी कधी बसमध्ये. टीव्हीसमोर.
डॉक्टर अजून थांबली.
बहुतेक रोज.
ख्रिसमसपासून.
काढायला आरसा लागतो, आणि आरशात
पुन्हा मीच.

मी खिडकीबाहेर पाहिलं.
डोळेझाक आमच्या घरात सगळ्यांनाच जमते.

बुबुळ खरवडून नमुना घेतला. ती ओरडली नाही,
माझं मनगट मात्र दोन दिवस निळं होतं.
दोन बाटल्या दिल्या. दर तासाला थेंब,
दिवसा आणि रात्रीही.
झोपेत जे गमावलं
ते झोपेकडूनच वसूल करायचं.

अकरा. बारा. एक.
गजर, फ्रिजचं दार, "वर बघ."
पाच मिनिटं थांबून दुसरी बाटली, "वर बघ."
डोळ्यात तेल घालून जागणं म्हणतात
ते इतकं शब्दशः असतं, मला ठाऊक नव्हतं.
दोन. तीन.
मी पापणी ओढून धरायची, ती शिवी गिळायची.
तिच्या गालावरून ओघळायचं ते औषध होतं,
असं दोघींनी धरून चाललो.

तिसऱ्या रात्री म्हणाली,
"फार गार आहे गं. हातात धर जरा."
चार वर्षांतलं पहिलं लांब वाक्य.
मी बाटली मुठीत धरून बसले.
तास कधी सरला कळलं नाही,
थेंब सहा मिनिटं उशिरा पडले.

डोळा वाचला. पूर्ण नाही.
बुबुळावर फूल पडलंय,
दिव्याभोवती तिला आता केसाळ कडं दिसतं,
सुईत दोरा ओवायला डोकं तिरकं करते.

चादरी बदलताना मी उशी उचलली.
वाळून कागद झालेली फुलं. मोजली.
सहा.
पुन्हा मोजली.
तिला काही सांगितलं नाही.

नावेचा विषय अजून निघालेला नाही.
पण रात्री मेसेज येतो, कधी साडेदहाला, कधी एकला,
"चष्मा काढला."
मी लिहिते, "झोप."