प्रश्न एकोणीस

बिश्केकमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
आम्ही अकरा जणी, एक रुसलेला हीटर
आणि बाहेरून आलेली जाडजूड मार्गदर्शिका:
बरोबर असेल तर एक, चूक तर शून्य,
कोरं सोडलं असेल तर नऊ.
शेऱ्याला रकाना नाही.

बस सात बेचाळीसला सुटते.
घरापासून थांबा बारा मिनिटांवर.
एर्मेकने किती वाजता निघावं?

मुळात तो एर्मेक नव्हता, इल्मारी होता.
नाव बदलायची मुभा होती आम्हाला.
बस बदलायची नव्हती.

पेपर चारशे सतरा. आत-बाशीकडचा.
पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं पाठीमागे उमटलीत.
"बस भरली की सुटते.
आजीला खिडकी लागते, म्हणून आम्ही सहालाच जाऊन बसतो.
बारा मिनिटं फक्त बर्फ नसेल तेव्हा."

"शून्य दे आणि मोकळी हो," शायिर म्हणाली,
"चहा निवतोय."

प्रशिक्षणात माझ्या शेजारी ओसाकाची फुमिए होती.
तिच्याकडची काही मुलं म्हणे सात पंचवीस लिहितात:
पाच मिनिटं आधी पोचावं, अशी शिस्त.
त्यांनाही शून्य.
दोघी हसलो होतो तेव्हा, जरा जास्तच.

सव्वीस वर्षं मी वहीत पाच दिले, चार दिले,
दोन देताना हात आखडला.
गेल्या महिन्यात कासेलहून नातवाचा फोन:
आजी, मला गणितात एक मिळाला!
मी मटकन खाली बसले.
काय बोलू? म्हटलं, होतं रे असं, पुढच्या वेळी कर अभ्यास.
तो गप्प.
मग सुनेने फोन घेतला. तिकडे एकच सगळ्यात वर.
अजून त्याची समजूत काढते आहे.

चारशे सतराला मी शून्य दिलं.
नियम म्हणजे नियम; मीही कुणाची तरी विद्यार्थिनीच.
फक्त पेन्सिल फार दाबली नाही.

खाली उतरले तर अंधार पडलेला,
मार्श्रुत्का उभी, ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया फोडत.
कधी निघणार, असं कुणीच विचारत नव्हतं.
खिडकी मिळाली.
दोन जागा रिकाम्या होत्या अजून.