चारची भरती

पाहुणे विचारतात, सगळ्यात चांगला किनारा कुठला?
मी विचारतो, कशासाठी?
आणि आल्याचा चहा मागवतो,
कारण हे एका वाक्यात आटपत नाही.

पतंगाच्या दोरांना लटकून पाण्यावरून धावायचं असेल
तर आमचं पाजे. जूनपासून दक्षिणेचा कुसी सुटतो,
अकरानंतर असा सरळ, एकसुरी,
की नवख्यालाही उचलतो, पोराला काखेत मारावं तसा.
लग्न करायचं असेल तर तोच वारा वैरी.
मेणबत्त्या विझवतो, खुर्च्यांची कापडं सोडवतो,
आणि नवरीचा 'हो'
तिसऱ्या रांगेला पोचायच्या आत पळवून नेतो.

मग नुंग्वीला जा म्हणतो मी.
तिथे ओहोटी लाजरी, पाणी फार मागे हटत नाही,
सूर्य समुद्रातच बुडतो.
फक्त एका संध्याकाळी तीन लग्नं असतात,
एकाचं गाणं दुसऱ्याच्या शपथेत शिरतं.
मिचाम्वीला शांतता आहे. पण पाण्याखाली
काळे काटेरी गोळे, साळिंदराची पिल्लं जणू;
नवरदेवाला रबरी चपला घालाव्या लागतील.

यागोदाला दोन्ही हवं होतं,
वारा आणि लग्न, एकाच दिवशी, एकाच वाळूवर.
मिखाव शहाळ्यात नळी फिरवत राहिला.
त्याला पोहता येत नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं,
जणू दोष माझा.

मी खिशातून भरतीचं पत्रक काढलं,
घामानं मऊ पडलेलं, घड्यांवर फाटलेलं.
पौर्णिमेचा दुसरा दिवस. सव्वादहाला पूर्ण ओहोटी,
साडेचारला भरती.
म्हटलं, लग्न सकाळी करा.
काठावर नको. पार आत, जिथून समुद्र उठून गेलेला असेल.

तिथे माझी आई असते, हे मी सांगितलं नाही.

तिथे तिचं शेत आहे:
खुंट्यांच्या दोन ओळी, मध्ये दोर,
दोराला बांधलेलं शेवाळ, त्याला आम्ही म्वानी म्हणतो.
उधाणाचे मोजके दिवस पाणी तिला जमीन उसनी देतं,
तेवढ्यात लावायचं, तेवढ्यात काढायचं.
पतंगवाले कधी कधी तिचे दोर तोडतात.
ती शिव्या देते, त्यांना भाषा कळत नाही,
ते हात हलवतात.

फोटोवाला म्हणाला, या काठ्या उपटता येतील का? तासाभरासाठी?
मी भाषांतर केलं. जरा मऊ करून.
बी मिझेनं पाठही वळवली नाही.
म्हणाली, त्याला विचार,
त्याचे दात उपटता येतील का? तासाभरासाठी?
हे मी भाषांतर केलं नाही,
पण यागोदा हसली. तिला कसं कळलं कोण जाणे.

मग खुंट्यांमध्येच लागलं ते लग्न.
घोट्याएवढ्या कोमट पाण्यात, पांढऱ्या कपड्याचा काठ हिरवा,
पाहुणे अकरा, खेकडे अगणित,
आणि मागे चार बायका वाकलेल्या, रंगीत कांगा खोचून,
कुणाकडेही न बघता गोणी भरत.
फोटोत त्या सगळ्या आल्या आहेत.

दुपारी ती वाऱ्यावर स्वार झाली.
मिखाव काठावर, मांडीवर तिचे बूट,
शेजारी माझी आई ओलं शेवाळ पसरत होती.
त्यानं खुणेनं विचारलं, आपण सकाळी कुठे उभे होतो?
तिनं हनुवटीनं दाखवलं.
तिथे आता दीड पुरुष पाणी,
आणि त्यावरून त्याची बायको
एका लाल पतंगामागे सुसाट जात होती.

तो बघत राहिला.
आईनं त्याच्या हातातून बूट काढून घेतले
आणि त्याच्याकडे एक गोणी दिली.
उचल म्हणाली. पाणी चढतंय.