चार्ज देताना

ही घे चावी, सुकेशनी. लोखंडी कपाटाची.
डावीकडे दाबून फिरवावी लागते,
नाहीतर दार उघडल्यासारखं करतं आणि उघडत नाही,
आपल्या जिल्हा कार्यालयासारखं.

वरच्या खणात सत्तावीस वर्षांची ऑडिटं.
स्वच्छ आहेत, त्यांची काळजी करू नको.
खालच्या खणात जे कुठल्याच फाइलीत बसलं नाही ते:
बिनोदिनी बैरागीचं माना कॅम्पचं कार्ड,
चौसष्ट सालचं, घामानं लगदा झालेलं,
त्यावर वय अकरा आणि नाव चुकलेलं.
त्या चुकलेल्या नावाशी अजून जुळवतो आहोत आपण
तिचं रेशन, तिचा आधार,
तिचं म्हातारपण.

मी चामोर्शीच्या बसमधून उतरले तेव्हा बत्तीसची होते.
अर्धं गाव बंगालीत भांडत होतं, अर्धं झाडीबोलीत,
आणि हापशी एकच.
पहिल्या बैठकीत पोचूबाबा गेडाम उठून म्हणाले,
"बाई, ह्या लोकायले सरकारनं जमीन देल्ली.
आमाले का देल्लं? शेजारी देल्ले."
सगळे हसले. हरिपद मंडलही हसला,
त्याला अर्धंच कळलं होतं.
ते हसणं मी प्रस्तावात 'सामाजिक एकात्मता' म्हणून लिहिलं.
तीन लाख मिळाले.

मग मशीन आलं. म्हणालं, अंगठा ठेवा.
बिनोदिनीचा जाळी विणून गुळगुळीत,
पोचूबाबाचा तेंदूच्या मुडी बांधून बांधून.
दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसत,
एकाच बाटलीतलं खोबरेल बोटाला चोळत,
धोतराला, पदराला पुसत, पुन्हा ठेवत.
जुळत नाही.
पुन्हा.
जुळत नाही.
आपल्या एकाही मेळाव्यात झाली नव्हती
ती ओळख त्या बाकावर झाली.
रंग उडालाय, एक पाय हलतो.
तो बाक भंगारात देऊ नको.

आता एक गोष्ट, जी अहवालात नाही.
मार्च होता. तिसरा हप्ता अडलेला,
जीपमध्ये डिझेल नव्हतं,
आणि हरिपदचे तिन्ही पोरं खम्ममला मिरची तोडायला.
तो खाटेवर वाट बघत होता. मी फोनवर होते,
प्रवासखर्चाचं शीर्ष बदलून मिळावं म्हणून.
शेवटी लोकांनी त्याला बसमध्ये बसवलं.
आष्टीचा पूल यायच्या आधीच गेला.
चौथ्या दिवशी धाकटा आला.
त्याला डोळे पुसता येत नव्हते,
हातांना मिरची होती.
मी रुमाल दिला. काही बोलले नाही.
दिवाळीत तो रुमाल धुऊन, घडी घालून परत आला.
तोही खालच्या खणात आहे.

तेव्हापासून चहाच्या डब्यात दोन हजार रुपये असतात,
कोणत्याच शीर्षाखाली नसलेले.
ऑडिटरला माहीत आहे.
तो दरवर्षी म्हणतो, चहा नको.

लोक विचारतील, बाईंनी काय केलं?
सांगायला आकडा आहे, भिंतीवर लावलाय, फ्रेमसकट.
त्यात हरिपद दोनदा मोजलेला आहे,
एकदा ज्येष्ठ नागरिक म्हणून, एकदा स्थलांतरित कुटुंब म्हणून.
दुरुस्त करायचं राहून गेलं.
खरं सांगू? केलं नाही मी.
एकदा तरी तो जास्त असू दे.

परवा बँकेत माझाही अंगठा लागला नाही.
मुलगा म्हणाला, मॅडम, पुसून ठेवा.
परत आले तर दोघं बाकावरच होती.
बिनोदिनी नुसती सरकली.
"बोशो," म्हणाली.
सत्तावीस वर्षांत मी त्या बाकावर बसले नव्हते.
खरंच एक पाय हलतो.

असो. उद्या बुधवार, निराधारच्या फॉर्मांचा दिवस.
ऑफिस दहाला उघडतं,
पण ती माणसं सातलाच येतात.
तू उशीर केलास तर रागावणार नाहीत.
म्हणूनच करू नको.