दीड इंच माया

वडगावात, मागांच्या खडखडाटाला पाठ लावून
मी ब्लाउज शिवतो.
'शिवतो' म्हटलं की पुण्याचं गिऱ्हाईक हसतं.
हसू दे. आमच्याकडं बाई अशीच बोलते,
मशीनचं काही अडत नाही.

वहीत नावं, नावांपुढं आकडे,
छाती, कंबर, मुंडा, बाही,
आणि कोपऱ्यात जिचा तिचा हट्ट.
बैलहोंगलची नीलव्वा : दंड भरलेला दिसू दे.
कॅम्पातली हेझल टीचर : दंड झाक.
खानापूरच्या रानातनं येणारी सिद्दी इनास,
तिनं टेप हातानं अडवला :
"कंबर आवळू नको गं, ती आईकडनं आलीया."

बेळगुंदीची वैजू हुंदरे आली तेव्हा
नखात रताळ्याच्या वाफ्याची माती,
पिशवीत मोरपंखी शालू, कंबर सव्वीस.
गोकाकचं स्थळ होतं. होणाऱ्या सासूनं
तिचं मनगट दोन बोटांत धरलं :
"हुडगी छलो अदाळ. आदर मैकै तुंबबेकु."
म्हणजे, अंग भरलं पाहिजे. कणगी भरते तसं.
जाताना करदंटाचा डबा ठेवून गेली,
डिंक, खोबरं, अंजीर.

वैजूनं खाल्लं. रोज दोन वड्या, वर म्हशीचं दूध.
मी शिवण उसवली, कंबर एकोणतीस केली.
स्थळ जमिनीच्या वाटणीवरनं मोडलं.

मग पुण्याचं आलं. मुलाच्या बहिणीनं
फोनवरचा फोटो मोठा केला,
दोन बोटांनी. पुन्हा दोनच बोटं.
"चेहरा गोड आहे. थोडं कमी केलं तर..."
वैजू पहाटे राकसकोपच्या रस्त्यावर पळायला लागली.
शेतावर निघालेली म्हातारी विचारी,
"कोण लागलंय गं मागं?"
मी पुन्हा टीप आत घेतली.
कापडावर सुईची भोकं राहतात.
इस्त्रीनं जात नाहीत.

त्या दिवशी जुजे बसला होता,
बोटीवरनं सुट्टीला आलेला, बायकोचा झगा न्यायला.
सांगत होता, वाळवंटाकाठी एक मुलूख आहे,
तिथं पोरीपुढं उंटिणीच्या दुधाचे वाडगे ठेवतात,
नको म्हटलं की बोटं पिरगाळतात.
मांडीला मांडी घासली की लग्नाला आली.
आणि दुसऱ्या बंदरात पोरी
पावाच्या तुकड्याला सापासारख्या भितात.
वैजू आरशापुढं हूक लावत होती.
लागत नव्हता.
"काकी, मग मी कुठल्या गावात बरोबर बसतो?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
बरं झालं.

इथं पाटीवरच्या अक्षरासाठी दगड उडालेले मी बघितलेत.
दुकानाचं शटर किती वेळा ओढलं, मोजलं नाही.
पण पोरगी मापायची म्हटली की
दोन्ही भाषा एका बाकावर बसून चहा पितात.

शिवणीच्या आत मी दीड इंच कापड सोडतो.
त्याला माया म्हणतात.
नवे शिंपी अर्धाच सोडतात, कापड वाचतं.
वाचू दे. बाई बाळंत होते, आजारी पडते,
कधी नुसतीच सुखानं सुटते,
तिला परत आत यायला वाट नको?

आणखी एक. कुणाला सांगू नका.
माझा टेप ओढून ओढून लांबलाय,
सगळ्या अर्धा इंच बारीक भरतात.
हेझल टीचर खूश असते.
नीलव्वा दर खेपेला रुसते, "अय्य, मत्त इळदेनु?"
नवा टेप ड्रॉवरमध्ये आहे. काढत नाही.
चुकलेला अर्धा इंच मायेतनं भरतो.

वैजू परवा आली. शालू नव्हता,
बाजारातनं घेतलेलं साधं सुती कापड.
कुठलं स्थळ, मी विचारलं नाही.
टेप लावला, आकडा लिहिला.
वही तिनं आपल्याकडं ओढली,
कोपऱ्यात स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात :
हात वर करता यावा.
आणि बस चुकेल म्हणून पळाली.